गल्लीतला पडदा



ज्या व्यासपीठावरून मोठमोठे इतिहासकार बोलून गेले, तेथे आज आम्ही उभे आहोत, याचा आम्हाला संकोच वाटतो. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, मोफत वाचनालयाच्या बाकावर आणि गिरण्यांच्या द्वारसभांत. म्हणून विषयही आम्ही आमच्याच गल्लीतला घेतला आहे. गिरणगावात गणेशोत्सवाच्या दिवसांत दोन चाळींच्या मध्ये पांढरा पडदा बांधून जुने चित्रपट दाखवीत, आणि कोणता चित्रपट आणायचा हे चाळीतील माणसेच ठरवीत. या साध्या प्रथेचा इतिहास कोठे लिहिलेला नाही. पण तो लिहिण्याजोगा आहे, असे आमचे मत आहे.

चित्रपट पाहण्यास दोन गोष्टी लागतात, दाम आणि सवड. दि. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हा तिकीट एक रुपया होते. पुढे काही दिवसांतच नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले आणि स्वस्त तिकीट चार आण्यांवर आले. म्हणजे दाम थोडा खाली उतरला. सवडीचे काय? ती कामगारांना कोणी दान केलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कोठे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ च्या कायद्याने ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. आमच्या देशातील प्रेक्षकवर्गाचा इतिहास लिहावयाचा असेल तर तो थिएटरांच्या यादीने सुरू न करता या आकड्यांनी सुरू करावा लागेल.

आता फाळक्यांकडे वळू. त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यात राणी तारामतीचे काम केले ते अण्णा साळुंके या खाणावळीतल्या आचाऱ्याने, कारण बाई मिळेना. सिनेमात काम करणे इतके हलके मानले जाई की आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असे लोकांना सांगा, असे फाळके आपल्या माणसांना बजावीत. आम्हा कामगारांना या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. एरवी फॅक्टरीत जाणारा माणूस ते सांगायला लाजतो. येथे राजा आणि राणी फॅक्टरीचे नाव सांगून अब्रू राखीत होते!

शहरातून चित्रपट गावोगावी गेला तो तंबूतून. जत्रेच्या मैदानात तंबू पडे, आणि जत्रा हीच निवडसमिती असे. गर्दी झाली तर तोच खेळ उद्या पुन्हा, न झाली तर दुसरी पेटी उघडायची. अशा निवडीतूनच काही चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या टिकले. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीस यांचे काम. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. व्हेनिसच्या पंडितांनी त्याला मान दिला, हे चांगलेच झाले. परंतु त्याआधीच चार आणेवाल्यांनी आपले मत दिले होते, हे विसरता कामा नये.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली सुरू झाला. आधी मेळे होते, पोवाडे होते, नाटके होती. पुढे सोळा मिलिमीटरची यंत्रे भाड्याने मिळू लागली तेव्हा गल्लीत चित्रपट आला. आमच्या बालपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, एका सज्जापासून समोरच्या सज्जापर्यंत पडदा ताणीत. पुढे पुरुष, मागे बाया, आणि जागा न मिळालेली आम्ही पोरे पडद्याच्या पाठीमागे. आम्हाला नायक डावखुरा दिसे आणि नावे उलटी वाचावी लागत. रीळ बदलताना अंधार पडे, आणि त्या अंधारात पुढच्या प्रसंगाविषयी पैजा लागत.

निवड मात्र गंभीरपणे होई. श्रावणात चाळीची बैठक भरे. ज्याने वर्गणी दिली त्याला बोलण्याचा हक्क. नावे सुचविली जात, हात वर होत, हात मोजले जात. म्हातारे प्रभातचे चित्रपट मागत, तरुण मारामारीचे. वेळेवरूनही वाद होई. दुसरी पाळी रात्री बाराला सुटे, मग त्या लोकांनी वर्गणी देऊन काय फक्त पडदा घडी करावा? शेवटी एक खेळ मध्यरात्रीनंतर ठेवावयाचा असा निर्णय झाला. पुढे आम्ही युनियनमध्ये किती तरी ठराव मांडले. हात मोजायला आम्ही शिकलो ते त्या जिन्याखालच्या बैठकीत.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीपासून गिरण्या बंद. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर होते. भाद्रपदापर्यंत सात महिने लोटले. भांडी विकली गेली होती, कित्येक कुटुंबे कोकणात, देशावर परतली होती. बैठकीत प्रश्न निघाला, या वर्षी पडदा बांधावा काय? एक बाजू म्हणाली, पैसा असेल तेवढा धान्याला द्या. दुसरी म्हणाली, एवढे तरी राहू द्या, नाहीतर आपण हरलो असे पोरांना वाटेल. आमचे वडील पहिल्या बाजूचे होते. त्या बैठकीत प्रथमच बायकांनीही हात वर केले, आणि मध्यम मार्ग निघाला. तीनऐवजी एकच चित्रपट आणायचा, उरलेली रक्कम धान्याला. एकमताने नाव निघाले 'संत तुकाराम'.

त्या चित्रपटात तुकोबांची आवली संतापून, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. दर वर्षी त्या जागी हशा पिकत असे. त्या रात्री कोणी हसले नाही. मागे बायांच्या रांगेत एकदम शांतता पसरली, आणि मग कोणी तरी हुंदका दिला. चित्रपट तोच होता, ४६ वर्षांचा जुना. पण आम्हाला वाटते, आवली काय म्हणते आहे हे आमच्या चाळीला त्या रात्री प्रथम ऐकू आले. अभिजात कृती म्हणजे काय याची आम्ही पुस्तकांत पुष्कळ व्याख्या वाचल्या. त्या रात्रीइतकी स्पष्ट एकही नव्हती.

वडिलांनी त्यानंतर एवढेच म्हटले, "धान्य आठ दिवसांत संपलं असतं." आपले मत चुकले असे ते म्हणाले नाहीत, आणि ते चुकले होते असे आम्हीही म्हणत नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आले, मागोमाग व्हिडिओ आला, गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उठले. दोन सज्जांमधला पडदा बांधायला सज्जेच उरले नाहीत.

परंतु श्रोतेहो, आमच्या मनाला खरी टोचणी वेगळीच आहे. लोकांनी निवडावे, हे आम्ही सांगितले. पण निवडणार कशातून? जे उरले आहे त्यातूनच. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली गिरगावातच मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत नाही. 'राजा हरिश्चंद्रा'चे काही भागच शिल्लक आहेत. मुन्शी प्रेमचंदांनी १९३४ साली गिरणी कामगारांवर 'मजदूर' हा चित्रपट लिहिला, मुंबईच्या सेन्सॉरने तो अडविला, आणि आज तोही पाहावयास मिळत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, त्याने पुष्कळ वाचविले. पण ८ जानेवारी २००३ रोजी तेथील रिळांना आग लागली आणि नायट्रेटवरच्या किती तरी जुन्या प्रती भस्म झाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. कामगाराला स्वतःचे चित्र मत देऊन मागावेसे वाटले, तर उत्तर येते की ते आधी अडविले गेले आणि मग हरवले.

म्हणून आमचे म्हणणे असे की निवडण्याचा हक्क आणि जतन करण्याची जबाबदारी एकाच हातात असली पाहिजे. मतपत्रिका देऊन पेटी रिकामी ठेवली तर ती निवडणूक नव्हे. जेथे जेथे वस्तीत, वाचनालयात, शाळेच्या पटांगणात जुने चित्रपट दाखवाल, तेथे नावे लोकांना विचारा, आणि जे नाव मागूनही मिळाले नाही ते वहीत लिहून ठेवा. मिळालेल्या चित्रपटांची यादी म्हणजे आमचा महोत्सव. न मिळालेल्यांची यादी म्हणजे आमची मागणी. आणि मागणी कशी पुरी करून घ्यावयाची, हे रविवारची सुटी मिळविणाऱ्यांच्या वारसांना शिकविण्याची गरज नाही.