दारू सोडल्यानंतर यकृत कसे सावरते, आणि रिपोर्टमधले आकडे कसे वाचावेत

दिवाळी मिलनात दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "भाऊसाहेब, ह्यांनी सोडून महिना झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. आता सणासुदीला थोडी घेतली तर चालेल का?" मी डॉक्टर नाही. बँकेत उभा जन्म आकडे पाहण्यात गेला आणि सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या यकृताचे आकडेही पाहावे लागले, म्हणून लोक विचारतात. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, तेव्हा सविस्तर लिहितो.

रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी आणि जीजीटी ही तीन नावे असतात. ही एन्झाइम्स मुळात यकृताच्या पेशींत असतात. पेशींना इजा झाली की पहिली दोन रक्तात पाझरतात. दारूने जीजीटीही वाढते. म्हणजे हा आकडा आज किती पडझड चालू आहे ते सांगतो, घर किती उभे आहे ते सांगत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा आजच्या गळतीचा आकडा आहे, शिल्लक नव्हे. सगळा घोटाळा इथेच होतो.

एसजीओटी, एसजीपीटीची मर्यादा साधारण ४० युनिटच्या आसपास असते. लॅबप्रमाणे थोडी बदलते. दारूच्या यकृतात एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त, पुष्कळदा दुपटीहून जास्त असते. आकडा मात्र सहसा तीनचारशेच्या आतच राहतो. हजारांत गेला तर डॉक्टर दुसरे कारण शोधतात: व्हायरल कावीळ, औषधाची बाधा वगैरे. जीजीटी फक्त दारूनेच वाढते असेही नाही. वजन, मधुमेह, पित्ताचा अडथळा, फिटची काही औषधे यांनीही ती वाढते. तेव्हा जीजीटी जास्त दिसली म्हणून घरात कोणावर चोरीचा आळ घेऊ नये.

माझे आकडे सांगतो. सोडली त्या आठवड्यात एसजीओटी १२४, एसजीपीटी ५८, जीजीटी २१२, आणि सोनोग्राफीत ग्रेड दोनचे फॅटी लिव्हर. तीन आठवड्यांनी ४६, ३९ आणि ११८. तीन महिन्यांनी तिन्ही मर्यादेत. हा क्रम बराचसा नेहमीचा आहे. पहिली दोन एन्झाइम्स काही दिवसांत उतरू लागतात, जीजीटी दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त घेते. रक्तपेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही दारूने वाढलेला असतो. तो खाली यायला तीनचार महिने लागतात, कारण लाल पेशीचे आयुष्यच १२० दिवसांचे. नुसती चरबी साठलेली असेल तर पूर्ण बंद केल्यावर ती काही आठवड्यांत बरीच उतरते. माझे वजनही जास्त होते, म्हणून मला वर्ष लागले.

मी किती घेत होतो? "दोनच पेग" असे सांगायचो. एकदा हिशेब मांडला. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. माझे "दोन" घरच्या ग्लासात मोजल्यावर जवळपास क्वार्टरच निघाले.

आता दुसरी बाजू. आमच्याच शाखेतले एक सहकारी माझ्या नंतर दोन महिन्यांनी थांबले. त्यांचे एसजीपीटी ३२ आले. त्यांनी पेढे वाटले आणि संक्रांतीपासून पुन्हा सुरू केली. त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन २.६ आणि प्लेटलेट ८४ हजार लिहिलेले होते, ते कोणी वाचले नाही. वर्षाच्या आत पोटात पाणी झाले. यकृत आधीच सुकून घट्ट झाले होते, म्हणजे सिऱ्होसिस. अशा यकृतात एन्झाइम्स नॉर्मल दिसू शकतात. यकृताची ताकद पाहायची तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर आणि प्लेटलेट पाहावे लागतात, शिवाय सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन. फायब्रोस्कॅन सोडल्याबरोबर केला तर सुजेमुळे आकडा फुगलेला येतो, म्हणून पुष्कळदा काही आठवड्यांनी पुन्हा करतात. सिऱ्होसिस निघाला तरी सोडण्याचा फायदा असतोच, आयुष्य वाढते. मात्र तो माणूस "थोडी" घेऊ शकत नाही, आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू शकत नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम घरी बंद करू नये, हे वाचणाऱ्यांनी दोनदा वाचावे. सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत औषधे आणि व्हिटॅमिन बी-१ देऊन हे सांभाळता येते. तसेच चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळायची गोळी. ती बहुधा डायसल्फिराम असते. न सांगता दिलेल्या गोळीवर त्याने दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि बिघडलेल्या यकृताला ती गोळी स्वतःच बाधू शकते. वहिनींनो, हेतू कितीही चांगला असो, हे करू नका.

खाण्याचे पथ्य आपल्याकडे उलटेच करतात. डाळ बंद, दूध बंद, उसाचा रस चालू. पिणाऱ्याचे शरीर मुळात झिजलेले असते, त्याला प्रथिने लागतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरण, दही, पनीर, अंडी, जे घरात चालते ते. सिऱ्होसिस असेल तर झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, रात्रभर उपाशी राहू नये. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणून लोणचे-पापड आणि आपले इंदुरी शेव-नमकीन दोन्ही बंद.

लिव्हर टॉनिकवर मी बरेच पैसे घालवले. दारू बंद करण्याचे काम कोणतीही बाटली करत नाही. काढेही "नैसर्गिक" म्हणून निर्धोक नसतात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृत बिघडल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवली आहेत. पॅरासिटामॉल लागलेच तर डॉक्टरांना विचारून. यकृत बिघडलेले असताना दिवसाला दोन ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगतात. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर विचारावे.

डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणे, दिवसा झोप आणि बोलण्यात घोळ, यातले काही दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ इस्पितळ गाठावे.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना फी नसते आणि तिथे पूर्ण नाव सांगावे लागत नाही. पुण्याचे मुक्तांगण, जे अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, तिथे सगळे मराठीतून बोलता येते. आपल्या पिढीला हिंदीत कितीही सफाई असली तरी या विषयावर मराठीतच मोकळे होता येते, असा माझा अनुभव आहे.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढू नये, कारण स्नायूंवर ताण आला तरी एसजीओटी वाढते. सगळे जुने रिपोर्ट तारखेने लावलेल्या एका फाइलमध्ये ठेवावेत आणि डॉक्टरांकडे ती फाइल घेऊन जावे, नुसता शेवटचा कागद नव्हे.