गर्भारपणातील मधुमेह : उपासमार नको, घासांची वाटणी हवी

सुनेला दिवस गेल्याचे कळले, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : 'आता दोन जिवांचे खायचे.' डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, डोहाळजेवणाची पंचपक्वान्ने अशी सरबराई सुरू होते. पुढे सहाव्या महिन्यातील तपासणीत साखर वाढलेली आढळते आणि चित्र एकदम पालटते. भात बंद, फळे बंद, रात्रीचे जेवणही निम्म्यावर. ही दोन्ही टोके टाळणे, हेच या काळातील आहाराचे मुख्य सूत्र आहे.

साखर का वाढते?

गर्भावस्थेत वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. बाळाला पुरेशी साखर मिळावी, यासाठी निसर्गानेच केलेली ही योजना होय. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हा भार पेलते. ज्यांना तो पेलत नाही, त्यांची साखर वाढते. घराण्यातील मधुमेह, वाढलेले वजन व वय ही कारणे त्यात भर घालतात. त्यामुळे 'गोड खाल्लेस म्हणून झाले' असा ठपका गर्भवतीवर ठेवणे अन्यायाचे आहे.

आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करू लागते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरण्याचा धोका राहतो.

तपासणी केव्हा?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी दोनदा करायची असते : पहिल्यांदा गर्भवतीची नोंदणी होताना आणि दुसऱ्यांदा २४ ते २८ व्या आठवड्यात. त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही. सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून ते ५ ते १० मिनिटांत प्यायचे असते. दोन तासांनी रक्तातील साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास निदान पक्के होते. ग्लुकोज घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

ताटात काय असावे?

चौथ्या महिन्यापासून गर्भवतीला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. दोन लहान पोळ्या, वाटीभर उसळ आणि पेलाभर ताक एवढ्यात ते मिळतात. दुसऱ्या माणसाचे पूर्ण जेवण त्यासाठी लागत नाही. वजन मुळातच कमी वा जास्त असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

एकदम पोटभर जेवण्याऐवजी तीन बेताची जेवणे आणि मधे दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी दिवसाची वाटणी करावी. सकाळी इन्सुलिनचा प्रभाव विशेष कमी असतो. म्हणून नुसते पोहे किंवा चहा-बिस्किटे घेण्याऐवजी मुगाचे धिरडे, मटकीची उसळ किंवा अंडे घ्यावे. जेवणात भात किंवा पोळी-भाकरी मोजून आणि भाजी, कोशिंबीर, वरण सढळ असावे. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली. मात्र तिच्यातही पिष्ट पदार्थ आहेत, त्यामुळे ती हवी तितकी खाता येत नाही. गूळ आणि मधही साखरच वाढवतात. फळांचा रस टाळून पेरू, संत्रे किंवा सफरचंद यांपैकी एखादे फळ मधल्या वेळी खावे. झोपण्यापूर्वी बिनसाखरेचे दूध किंवा मूठभर फुटाणे घ्यावेत.

चतुर्थी, एकादशीचे उपवास या काळात टाळणेच हिताचे. दीर्घ उपाशीपणात शरीर चरबी जाळू लागते व रक्तात कीटोन वाढतात. ते बाळाला हितकारक नाहीत. साबुदाणा आणि बटाटा हे तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रोज अर्धा तास चालावे.

इन्सुलिन म्हणजे अपयश नव्हे

दोन आठवडे आहार सांभाळून पुन्हा तपासणी करतात. उपाशीपोटी ९५ पेक्षा कमी आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० पेक्षा कमी साखर असावी, असे उद्दिष्ट असते. ते साधले नाही, तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. इंजेक्शन टाळण्यासाठी जेवण कमी करणे धोक्याचे आहे. इन्सुलिन सुरू असताना घाम, थरथर किंवा चक्कर जाणवल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी साखर तपासावी.

सव्वा महिन्यानंतर

प्रसूतीनंतर बहुतेकींची साखर पूर्ववत होते आणि विषय तेथेच संपला, असे घरचे समजतात. वास्तविक अशा स्त्रीला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी, या वेळी उपाशीपोटी, करून घ्यावी. पुढे दरवर्षी साखर पाहावी. सव्वा महिना झाला, की आपल्याकडे बाळाला घेऊन घराबाहेर पडण्याची रीत आहे. बाळाच्या लसीकरणाला जाताना त्याच फेरीत आईचीही तपासणी उरकता येते. डोहाळे पुरवणाऱ्या घराने एवढी आठवण अवश्य ठेवावी.