पिस्ता कलर काढा म्हणताय, पण तो भिंतीवर आला कसा?

मंडळी, आपल्या ग्रामीण रुग्णालयाला नवा रंग देणार म्हणून दोन-तीन ग्रुपवर जोरात चर्चा चालू आहे. बहुतेकांचं म्हणणं एकच : "तो पिस्ता कलर काढा एकदाचा, फार सरकारी वाटतो. सगळं पांढरंशुभ्र करा." जरूर म्हणा. पण हा रंग कुणा ठेकेदाराकडे उरलेल्या डब्यांतून आलेला नाही, तेवढं आधी वाचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटर पांढरंच असायचं. जंतूंची ओळख नवी होती, पांढरं म्हणजे स्वच्छ असं गणित होतं. भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, डॉक्टरांचे अंगरखे पांढरे आणि वर विजेचे झगझगीत दिवे. सर्जनचे डोळे दिपायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमधले सर्जन हॅरी शर्मन यांनी यावर विचार केला. जखमेत दिसतं ते लाल रक्त, मग आजूबाजूला लालच्या विरुद्धचा रंग हवा. १९१४ साली त्यांनी थिएटरची फरशी आणि भिंतींचा खालचा भाग चक्क पालकासारखा हिरवा केला.

घरी करून बघा. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. हिरवट डाग तरंगताना दिसेल. सर्जनलाही तो दिसतो. भोवती हिरवंच असलं की डाग त्यात विरून जातो. थिएटरमधले हिरवे कपडे आणि पडदे आले ते यातूनच.

पालकाचा पुदिना झाला तो पांढरा मिसळल्यावर. गडद हिरवा प्रकाश गिळतो, खोली अंधारी वाटते. फिका हिरवा प्रकाश परत फेकतो, पण पांढऱ्याइतका डोळ्यांत खुपत नाही. अमेरिकेत फेबर बिरेन नावाच्या रंगतज्ज्ञांनी हाच हिशेब कारखान्यांत नेला. हॅनफर्डच्या अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्येही हीच फिकी हिरवी छटा आहे. तासन्‌तास काट्यांकडे बघणाऱ्या माणसांचे डोळे थकू नयेत म्हणून.

गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा, पण त्याच्या आधीचं शतक हिरव्याने माणसं मारली. १७७५ साली शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांपासून सुंदर हिरवा रंग बनवला. युरोपात घरोघरी भिंतींच्या कागदावर, कपड्यांवर, खोट्या फुलांवर तो आणि त्याचेच भाऊबंद चढले. १८६१ मध्ये लंडनला मटिल्डा श्यूरर ही एकोणीस वर्षांची कामगार मुलगी कागदी-कापडी पानांवर ही हिरवी पूड लावता लावता विषबाधेने गेली. फॅशन बायकांची, नफा मालकांचा, जीव तिचा. आजच्या हिरव्या डब्यात हे आर्सेनिक नसतं, घाबरू नका.

आता आपल्या दवाखान्याकडे. माझं मत : थिएटरमधला हिरवा हलवू नये. वॉर्डाचं तसं नाही. आपण पिस्ता म्हणतो त्यात पिवळा जास्त, पुदिन्यात निळा जास्त. पिवळट हिरव्या भिंतीची झाक ट्यूबच्या उजेडात पेशंटच्या चेहऱ्यावर पडते, बरा होत आलेला माणूसही आजारी दिसतो. बाळंतिणींच्या वॉर्डात तर जास्तच जपायला हवं. नवजात बाळाला कावीळ आहे का, याचा पहिला अंदाज कातडीच्या रंगावरूनच बांधतात. तिथे पांढरा किंवा साधा राखाडी बरा, आणि चकाकणारा नको. पुसता यावा म्हणून खाली छातीपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा ठेवा, वर मॅट फिनिश द्या. पांढऱ्याचा हट्ट धरणाऱ्यांचं म्हणणं इथे मला शंभर टक्के मान्य आहे.

कामाचे कागद मी पाहिले. त्यात किती चौरस मीटर, किती हात, सगळं आहे. छटेपुढे फक्त 'मंजुरीनुसार' लिहिलंय. मंजुरी कोण देणार, डॉक्टर की ठेकेदार, हे कुठेच नाही. रुग्ण कल्याण समितीवर आपल्या ओळखीचं कुणी असेल तर बैठकीत एवढंच विचारायला सांगा. आणि शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या तुकड्यावर सही नको. वॉर्डाच्या भिंतीवरच तीन फुटांचा पट्टा मारून घ्या, एकदा दुपारी बघा आणि एकदा रात्री ट्यूब लावून.