पाचवीला पुजलेली शाळा

मूल जन्माला आले की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर काय लिहायचे ते लिहून जाते म्हणे. माझा यावर कधी विश्वास नव्हता. पण आमच्या कन्येला यंदा चौथीत सगळ्या विषयांत अ-एक श्रेणी मिळाली आणि माझी खात्री पटली की सटवाई आहे. फक्त ती पाचव्या दिवशी येत नाही, पाचव्या इयत्तेला येते. आणि एकटी येत नाही, प्रवेशाचा फॉर्म घेऊन येते.

मूल बेताचे असले तर प्रश्न नसतो. ते जवळच्या शाळेत जाते आणि सुखाने वाढते. मूल हुशार निघाले की मात्र सगळ्या साताऱ्याला काळजी लागते. आमच्या बँकेतल्या हेडकॅशियरनी नोटा मोजता मोजता, मोजणी न चुकवता, तीन शाळा सुचवल्या. हयातीचा दाखला द्यायला आलेले एक पेन्शनर काका खिडकीपाशी म्हणाले, "अहो, हुशार मुलगी म्हणजे ठेव. योग्य ठिकाणी ठेवली तर व्याज." मी म्हटले, "काका, अंगठा इथे ठेवा." मागे रांग खोळंबली होती.

पण रात्री झोप येईना. मी पडलो बी.कॉम. कुठलाही प्रश्न आला की आधी जुने खाते उघडून मागची शिल्लक बघायची, ही आमची सवय. तेव्हा हा पाचवीचा प्रश्न आला कुठून, याचे खाते मी उघडले.

ते निघाले इंग्रजांच्या नावावर. मुंबई इलाख्यात तेव्हा आधी मराठी चार इयत्ता असत. चौथी झाली की रस्त्याला फाटा. एक वाट इंग्रजी पहिलीला जाई. तिथून सात इंग्रजी इयत्ता चढल्या की मॅट्रिक. दुसरी वाट मराठी सातवीपर्यंत जाई, तिच्या शेवटाला व्हर्नाक्युलर फायनल. मॅट्रिकवाला कचेरीत, कॉलेजात, नशीब असेल तर विलायतेत. फायनलवाला प्राथमिक शाळेत मास्तर. इंग्रजी शाळेला फी जास्त आणि शाळाही बहुधा दुसऱ्या गावी. म्हणजे दहा वर्षांच्या पोराचे पुढचे सगळे आयुष्य त्या फाट्यावर ठरायचे, आणि ठरवणार कोण, तर बापाची कनवटी.

आमच्याच घरातली गोष्ट. पणजोबा आणि त्यांचे थोरले बंधू, दोघे कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी चौथी झाले. थोरले अतिशय हुशार. पण फी एकाचीच परवडणारी. खापरपणजोबांनी हिशेब केला : थोरला शहाणा आहे, तो कुठेही निभावून नेईल, धाकट्याचे काही खरे नाही, त्याला इंग्रजीची गरज जास्त! पणजोबा साताऱ्याला आले, कारकून झाले. थोरले गावात मास्तर झाले. वडील सांगतात, म्हातारपणी ते पुतण्यांची इंग्रजी पुस्तके हातात घेऊन नुसती पाने उलटत बसत. वाचता येत नसे. विचारले तर म्हणत, "चित्रं बघतोय रे." पुस्तकात चित्रे नसत.

आज आमच्या घरात जे काही आहे ते त्या इंग्रजी पहिलीच्या फीवर उभे आहे. ती फी खरी कोणाच्या नावे पडायला हवी होती, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

याच साताऱ्यात, राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एक साडेनऊ वर्षांचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवीत. रजिस्टरात नाव लागले भिवा रामजी आंबेडकर. त्या नोंदीसमोरची सही अजून जपून ठेवली आहे. पुढे शाळेला छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल असे नाव मिळाले, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या दिवशी साजरे करण्यासारखे फारसे काही नव्हते. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, तहान लागली तर दुसऱ्या कोणी वरून पाणी ओतायची वाट पाहायची. त्याचे वडील लष्करातले निवृत्त सुभेदार. मुलाने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे घर मुंबईला हलले आणि मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. मी रोज बँकेत जाताना राजवाड्यावरून जातो. 'चांगल्या शाळेत वातावरण कसे आहे' हा प्रश्न विचारणाऱ्या आम्हा पालकांना त्या रामजी सुभेदारांसमोर उभे करावे, असे अधूनमधून वाटते. म्हणजे मलाच.

आणखी एक नोंद. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला. ते स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. मुलांना जेवू घालायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राहिले नाही. आमच्या बँकेत सोनेतारण कर्ज मिळते. अर्जात 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो. दुसऱ्यांच्या पोरांचे जेवण, असे कारण मी तरी अजून वाचलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ठरवले की कोवळ्या पोरांच्या मानेवर इंग्रजीचे जू नको. आठवीपर्यंत इंग्रजीच नको. आमचे वडील या पिढीतले. त्यांनी ए, बी, सी, डी गिरवली ती मिसरूड फुटायच्या बेतात. तरीही जिल्हा परिषदेत त्यांचे इंग्रजी टिपण असे असे की साहेब त्यात स्वल्पविराम घालायलाही बिचकत. मी शिकलो तेव्हा इंग्रजी पाचवीत होते. २००० साली ते पहिलीत आले. कन्येला ते येते आणि मला ते दुरुस्त करून मिळते.

तात्पर्य, फाट्याचे मूळ कारण जे इंग्रजी, ते निघून गेले. पण फाटा गेला नाही. सातारच्या सैनिक स्कूलला सहावीत प्रवेश. देशातले पहिले सैनिक स्कूल हे, १९६१ सालचे. साठ वर्षे तिथे फक्त मुलगे, आता मुलीही. नवोदय विद्यालय सहावीत. १९८५-८६ साली देशात पहिली दोन निघाली त्यांतले एक आपल्या अमरावतीचे. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी प्रशाला १९६९ पासून खास बुद्धिमान मुलांसाठी, पाचवीपासून. मेहुणे पुण्यात राहतात, त्यांनी पलंगसुद्धा मोकळा करून ठेवला. म्हणजे चाचण्या, सराव, सरावाचा सराव. आमच्या वेळची चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ साली पाचवी-आठवीला सरकली, तशी पालकांची धडधडही एक इयत्ता पुढे सरकली, एवढेच.

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. म्हणून एका नामांकित शाळेत आमची मुलाखत झाली नाही, 'संवाद' झाला. संवादात मला उत्पन्न विचारले आणि हिला स्वयंपाकघरातली भाषा. कन्येने बाईंना विचारले, "पृथ्वी फिरते तर आपण पडत का नाही?" बाई गोड हसून म्हणाल्या, "दॅट इज नॉट इन युवर सिलॅबस, बेटा." इमारत उत्तम होती. लिफ्टसुद्धा होती.

घरी आल्यावर मी सगळ्या शाळांचा तक्ता केला. अंतर, फी, निकाल, मैदान. जमा-नावे, दोन रकाने. वडिलांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "तिचा रकाना कुठाय?"

खरेच नव्हता. खापरपणजोबांनीही थोरल्या मुलाला विचारले नव्हते. त्यांच्याकडे पैसे नव्हते, हे कारण तरी होते. माझ्याकडे कोणते होते? मी कन्येला हाक मारली. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "त्या लिफ्टच्या शाळेत प्रश्न विचारलेले चालत नाहीत. आणि आत्याकडे पुण्याला मी एवढ्यात नाही जाणार, आजोबांना वर्तमानपत्र कोण वाचून दाखवणार? सहावीचं सहावीत बघू ना, बाबा."

शेवटी घरापासून दहा मिनिटांवरची जुनी मराठी शाळा ठरली. लिफ्ट नाही, वाचनालय आहे, आणि त्याची किल्ली शिपायाकडे नसून विज्ञानाच्या बाईंकडे असते. त्याच पृथ्वीच्या प्रश्नावर या बाई म्हणाल्या, "बस, सांगते," आणि प्रवेशाची रांग पाऊण तास थांबली. मागचे पालक कुरकुरले. मी कुरकुरलो नाही. रांगेत पहिला मीच होतो.

दुसऱ्या दिवशी हेडकॅशियर म्हणाले, "चूक केलीत. हुशार पोरगी, वाया घालवाल." असेलही. निकाल माझ्या निवृत्तीच्या सुमारास लागेल. तूर्त कन्या रोज संध्याकाळी वाचनालयातले पुस्तक आणते. परवा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. वडील ते हातात घेऊन बराच वेळ पाने उलटत बसले.

मी विचारले, "काय वाचताय?"

म्हणाले, "चित्रं बघतोय रे."

या पुस्तकात मात्र चित्रे होती.