खोडशीचा कालवा आणि अरबी समुद्र

कऱ्हाडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा आहे. तेथून निघणारा कृष्णा कालवा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला गेला. या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांना सागरी लाटा शिकवताना नेहमीची अडचण येते : लाट दाखवायची कुठे? आमचे उत्तर आहे, कालव्यावर. कारण लाटांविषयीची एक मोठी गोष्ट माणसाला कालव्याच्या काठावरच उमगली.

१८३४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात जॉन स्कॉट रसेल हा अभियंता घोड्यांनी ओढली जाणारी नाव पाहत होता. नाव एकाएकी थांबली, पण तिने ढकललेले पाणी थांबले नाही. त्याचा फूट-दीड फूट उंचीचा उंचवटा तसाच पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला. त्याचा वेग ताशी आठ-नऊ मैल भरला. पुढे हौदात प्रयोग करून रसेलने दाखवले, की अशा लाटेचा वेग मुख्यतः पाण्याच्या खोलीवर ठरतो.

याचे गणित लाग्रांज या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडले होते. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्व त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. एक मीटर खोल संथ पाण्यात तो सेकंदाला ३.१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर येतो. १८४५ मध्ये एअरी या खगोलशास्त्रज्ञाने खोल आणि उथळ अशा दोन्ही पाण्यांना लागू पडणारा सिद्धांत मांडला.

पण खोल कशाला म्हणायचे आणि उथळ कशाला? येथेच विद्यार्थी चुकतात. खोली केवळ मीटरमध्ये मोजून भागत नाही. ती तरंगलांबीशी ताडून पाहावी लागते. दहा सेकंद आवर्तकालाची लाट भर समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते आणि ताशी ५६ किलोमीटर वेगाने जाते. तिच्याखालचे पाणी वर्तुळाकार हालते. ही हालचाल खाली झपाट्याने कमी होत जाते आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपते. म्हणून ७८ मीटरपेक्षा खोल पाण्यात या लाटेला तळ ‘लागत’ नाही. किनाऱ्याकडे येताना तळ लागतो, लाट मंदावते, तिची लांबी घटते, किनाऱ्याजवळ उंची वाढते आणि शेवटी ती फुटते. आवर्तकाल मात्र तोच राहतो.

आता त्सुनामी घेऊ. तिची लांबी शेकडो किलोमीटर असू शकते. तिच्या दृष्टीने तीन किलोमीटर खोल अरबी समुद्रही खोडशीच्या कालव्यासारखा उथळच! सूत्र तेच. ३००० मीटर खोलीवर वेग ताशी ६०० किलोमीटरच्या वर आणि ५० मीटर खोलीवर ताशी ८०. मागची लाट पुढच्या भागावर दाटते आणि उंची जवळजवळ पावणेतीनपट होते.

याची प्रचिती महाराष्ट्राला २८ नोव्हेंबर १९४५ रोजी आली. पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्याजवळ ८.१ प्रतीचा भूकंप झाला. सुमारे बाराशे किलोमीटरवरच्या मुंबईला लाटा सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोहोचल्या. सरासरी वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास येतो. भर समुद्रातला वेग याच्या दुपटीहून अधिक. पण मुंबईसमोरच्या रुंद, उथळ समुद्रबूड जमिनीवर लाटा मंदावल्या. त्या सुमारे दोन मीटर उंच होत्या, अशी नोंद आहे. नावा वाहून गेल्या, माणसे दगावली.

वर्गात एक लांबट ट्रे घ्या. त्यात आधी एक सेंटिमीटर पाणी भरा, मग चार. एक टोक किंचित उचलून सोडा आणि लाट दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ मोजा. खोली चौपट केली की वेग दुप्पट होतो.

सातारा-सांगलीच्या शाळांच्या सहली कोकणात जातात. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर पाणी अचानक दूर ओसरले, तेव्हा अनेक जण कुतूहलाने पुढे गेले. ओसरलेले पाणी हा त्याच लांबलचक लाटेचा खोलगट भाग असतो आणि उंचवटा काही मिनिटांत मागून येतो. असे पाणी ओसरलेले दिसताच उंचावर धावायचे, हे समुद्र न पाहिलेल्या मुलालाही ठाऊक हवे. ट्रेमधली लाट दाखवताना हेही सांगायला विसरू नये.