हिमवाहन

हिमवाहन : बर्फावरून एकदोन व्यक्तींना वाहून नेणारे यंत्रचलित वाहन. यास स्नोमोबिल असेही म्हणतात. याच्या पुढील भागी वळविता येणाऱ्या स्की व मागे एंजिनाने फिरणारा रुंद साखळीपट्टा असतो. भार विभागला गेल्याने ते भुसभुशीत हिमात रुतत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे झोझेफ-आर्मां बाँबार्डिये (१९०७–६४) यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात, हिमाने रस्ते बंद असल्याने रुग्णालयात नेता न येऊन दगावला. दंतचक्र व साखळीपट्टा यांच्या रचनेचे एकस्व त्यांना १९३७ मध्ये मिळाले. ‘स्की-डू’ हे हलके वाहन त्यांनी १९५९ मध्ये विक्रीस आणले. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांतही हिमवाहने वापरली जातात. गोव्यातील वास्को येथे १९९८ मध्ये स्थापन झालेले ध्रुवीय संशोधन केंद्र या मोहिमांचे संयोजन करते. निर्मनुष्य हिमप्रदेशात वाहन बंद पडल्यास जीवावर बेतते. म्हणून निघण्यापूर्वी साखळीपट्टा गोठून जमिनीस चिकटलेला नाही हे पाहतात, त्याचा ताण तपासतात. दोन धावांच्या एंजिनास पेट्रोलबरोबर वंगणतेलही पुरवितात. शक्ती संक्रमित करणारा रबरी पट्टा झिजून तुटतो, त्यामुळे दुसरा जवळ बाळगतात.