उशिरा बोलणारा साक्षीदार

१२ नोव्हेंबर १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांची चंडीगडच्या स्थानबद्धतेतून पॅरोलवर सुटका झाली. त्याच महिन्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. जूनमध्ये अटक झालेला नेता पाच महिन्यांत डायलिसिसवर! साहजिकच संशय घेतला गेला. त्याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे: असा आजार केव्हा सुरू झाला, हे रक्ताच्या एका तपासणीवरून सांगता येते काय?

क्रिएटिनिन हा स्नायूंत सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. निरोगी मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. पिक्रिक आम्लाशी त्याचा नारिंगी-लाल रंग येतो, हे जर्मनीतील माक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवले. पुढे ऑटो फोलिन यांनी त्यावर मोजणीची पद्धत बसवली. पुण्याच्या पेठांतल्या लॅबमधून आज हाती पडणाऱ्या रिपोर्टामागे पुष्कळदा हीच क्रिया असते.

पण हा साक्षीदार उशिरा बोलतो. आकडा ०.७ वरून १.४ झाला, की गाळण्याची क्षमता साधारण निम्मी झालेली असते. ४ वरून ८ होताना मात्र मूळ क्षमतेचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. म्हणजे मोठे नुकसान आकडा लहान असतानाच होऊन जाते. शिवाय उतारवयात स्नायू झडतात, क्रिएटिनिन कमी तयार होते आणि आजारी मूत्रपिंडही कागदावर ठीक दिसते. जयप्रकाशजी तेव्हा ७३ वर्षांचे होते, त्यात मधुमेही. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांची सांगड घालणारे कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे सूत्र प्रसिद्ध झाले ते १९७६ मध्ये.

डायलिसिसच्या आधारे जयप्रकाशजी ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले. १९७७ चे सत्तांतर त्यांनी याच अवस्थेत घडवले.

एका कागदावरून इतिहास लिहिता येत नाही, हे दप्तरे चाळणाऱ्याला सांगायला नको. मूत्रपिंडाचेही तसेच. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी जुने रिपोर्ट तारीखवार जपावेत, गाळणक्षमतेचा अंदाजित आकडा आणि लघवीतील प्रथिने डॉक्टरांना विचारावीत. आजार कधी सुरू झाला, याचा पुरावा त्या ओळीने लावलेल्या कागदांतच सापडतो.